मारव्वाचं पुढं काय झालं?

"आज्जी, गौडा न्हाय गं! गॉर्डन! गॉर्डन!"

आरोही माडीवरून ओरडतच खाली उतरली. मी खलबत्त्यात शेंगा कुटत होते, बत्ता तसाच हातात राहिला.

"कसलं गार्डन? सकाळी सकाळी कुठं निघालीस?"

"जायचं न्हाय गं कुठं! आजोबांच्या पिक्चरमधला हिरो! तुम्ही सगळे गौडा गौडा करता, म्हणून मी इतके दिवस गौडाच शोधत बसले. त्याचं नाव गॉर्डन हाय. सापडला आज्जी, पिक्चर सापडला!"

मी बत्ता टाकला आणि थेट ह्यांच्या खाटेपाशी गेले. "अहो, ऐकलंत का? गौडा सापडला!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, नातीकडे बघितलं आणि म्हणाले, "बंद."

आता ह्या 'बंद'चं सांगायला हवं. माझे यजमान सोमशेखर हे महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातले चावीवाले. माणसाएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून पेठापेठांतले वॉल्व्ह फिरवायचे. आज ह्या बोळाला पाणी, उद्या त्या. रिटायर झाले, सुखानं बसले, आणि गेल्या दिवाळीत झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. जन्मभर अखंड बोलत आलेल्या माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला, तोही ड्यूटीवरचा. चहा हवा असला तरी बंद, नको असला तरी बंद. नातीवर माया आली तरी बंदच, फक्त जरा लांबवून. मी बालवाडीत सोलापूरभरच्या पोरांना बोलायला शिकवलं, आणि माझ्याच घरात ही गत! देवाला चेष्टा करायची तर माणूस बघून तरी करावी की.

बोलण्याचा व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. ती म्हणाली, "आजी, यांना अगदी तोंडपाठ असलेलं काहीतरी ऐकवा, दाखवा. कधी कधी त्या ओढीनं शब्द निघतो." मग मी बसवण्णांची वचनं लावली. हे झोपले. भजनं लावली. हे घोरले. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला, की ह्या माणसाला जन्मात तोंडपाठ काय होतं? तो पिक्चर!

लग्नाआधी हे मैंदर्गीहून काम शोधायला सोलापुरात आले, तेव्हा इथल्या एका टॉकीजला तो इंग्रजी पिक्चर लागला होता. घोडे, पिस्तुलं, धूळ. आठवडाभर टिकला आणि गेला. हे रोज जाऊन बसले. इंग्रजीचा आणि ह्यांचा संबंध दुरूनसुद्धा नाही. पण आम्ही अक्कलकोटकडची माणसं, अर्धी कानडी, अर्धी मराठी. आमच्या कानाला जे ओळखीचं तेच ऐकू येतं. गॉर्डनचं ह्यांना ऐकू आलं 'गौडन', म्हणजे गौडाचा, पाटलाचा. झालं, हिरो आमच्यातलाच निघाला. आणि विहिरीवर घागर घेऊन उभी असते ती विधवा मारिया, ती झाली मारव्वा. आमच्या गल्लीतच दोन मारव्वा होत्या, त्यामुळं मला तिसरीचं काही नवल वाटलं नाही.

मी नवी नवरी म्हणून मैंदर्गीला आले तेव्हा सासूबाईंपुढं, पार्वतम्मांपुढं, सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. हेच हळू आवाजात मला पिक्चर सांगायचे. आटलेलं गाव. एकच विहीर. विहिरीला झाकण, झाकणाला कुलूप आणि किल्ली सावकाराच्या कमरेला. मी स्वतः दिवसभर विहिरीचं पाणी ओढून हाताला फोड आणलेली. मी म्हणायचे, "मुंद?"

मुंद म्हणजे कानडीत पुढं. गोष्ट ऐकणाऱ्यानं अधूनमधून 'मुंद' म्हणायचंच असतं, नाहीतर सांगणाऱ्याला वाटतं ही झोपली.

"मग गौडानं बंदूक काढली."

"ते राहू द्या. मारव्वाचं मुंद?"

हे थांबायचे. मिशीवरून बोट फिरवायचे. म्हणायचे, "ते उद्या सांगतो."

आणि सांगायचे, बरं का! मारव्वा सावकाराच्या घरी भाकऱ्या थापायला जाते. एक दिवस तो पालथा पडून घोरत असताना ती त्याच्या कमरेची किल्ली पिठाच्या गोळ्यात दाबते आणि ठसा घेऊन येते. वा रे मारव्वा! मी तर तोंडाला पदर लावून हसले होते. सोलापुरात बिऱ्हाड केल्यावर हे पाण्याच्या रांगेतही पिक्चर सांगायला लागले. घागरी भरेपर्यंत एक रीळ. सगळ्या बोळाला गौडा आणि मारव्वा पाठ झाले. फक्त शेवट कुणालाच ठाऊक नव्हता. गौडा सावकाराला मारतो, घोड्यावर बसतो, मारव्वापुढं हात करतो. मुंद? "ते उद्या सांगतो." चाळीस-पंचेचाळीस वर्षं उद्याच चाललं होतं. मला कधी कधी असा राग यायचा, वाटायचं ताट आपटावं.

समोरच्या घरातले एकनाथराव ह्यांचे दोस्तही आणि वैरीही. त्यांचं एकच पालुपद होतं. "असा पिक्चरच न्हाय जगात. सोम्यानं रचलाय बे सगळा." त्यावरून दोघांची रोज जुंपायची. झटका आल्यापासून एकनाथराव रोज येऊन खाटेपाशी बसायचे आणि दोन्ही बाजूंनी स्वतःच भांडायचे. मला ते बघवायचं नाही.

तर आरोहीनं मोबाइल माझ्या नाकापुढं धरला. "इटलीवाल्यांनी काढलाय, आज्जी."

"गौडा तर अमेरिकेचा ना?"

"गोष्ट अमेरिकेची, कंपनी इटलीची, शूटिंग स्पेनमध्ये. नट कुठले कुठले. इंग्रजी बोलणं मागनं चिकटवलंय."

"अगं बाई! म्हणजे बारा गावचं पाणी एका टाकीत."

"आणि आज्जी, लोकांनी ह्याला मार्क लई कमी दिलेत हां. दहापैकी चार."

"चार? कोण तो देणारा? आण त्याला माझ्यापुढं!" मी इतकी चिडले की ह्यांच्या ओठाची डावी बाजू जरा हलली. हसले की काय? बोलतील. हा पिक्चर बघून हे नक्की बोलतील. मी सिद्धरामेश्वराला नारळ कबूल केला.

रविवार ठरवला, कारण आमच्याकडं पाणी सोमवारी. मुलानं माडीवरचा मोठा टीव्ही खाली आणला. खिडक्यांना चादरी लावून भरदुपारी अंधार केला. मी ह्यांची दाढी करवली, पांढरा सदरा घातला, केसांना तेल लावलं. बोळातली माणसं ओट्यापर्यंत बसली. एकनाथराव सगळ्यात पुढं, हातात चुरमुऱ्यांचा वाडगा. त्यांची बायको गोदाक्का माझ्या शेजारी. मला माझ्या लग्नातसुद्धा इतकं धडधडलं नव्हतं.

आणि सुरू झाला हो!

काय सांगू, पहिली कितीतरी मिनिटं कुणी एक अक्षर बोलत नाही. उन्हात पांढरं पडलेलं गाव. विहिरीचा रहाट वाऱ्यानं आपोआप हलतोय, करकर, करकर. एका म्हाताऱ्याच्या कपाळावरची माशी. ओढलेले ओठ. मग डोळेच डोळे, टीव्हीभर डोळे. आणि लांबून एक शीळ. अंगावर सर्रकन काटा आला. असंच तर सांगितलं होतं ह्यांनी! तोंडानं रहाटाचा आवाज काढायचे, तोही हाच. मी वळून बघितलं. हे टक लावून बघत होते आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर टकटक करत होती.

"हाय की पिक्चर!" मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. "ऐकलंत का एकनाथराव? रचलेला न्हाय!"

"व्हय, व्हय, हाय," एकनाथराव तोंडातले चुरमुरे कसेबसे गिळत म्हणाले. "बघू द्या की, वहिनी."

गौडा आला. स्वतः घोटभर न पिता आधी घोड्याला पाजलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण मग एकनाथरावांना कंठ फुटला.

"अरे, अरे! घोडा बदलला! आत्ता तांबडा हुता, आता पाय पांढरे!"

"दोन घोडे आहेत त्याचे," मी म्हणाले. "भाऊ-भाऊ. ह्यांनी सांगितलं नव्हतं का?"

"पिक्चरमधी कुटं सांगितलंय तसं?"

पिक्चरमध्ये काही सांगितलं नव्हतं, ते खरं. थोड्या वेळानं एका दरोडेखोराच्या मनगटावर चक्क घड्याळ चमकलं. सगळे फिदीफिदी हसले. मी म्हणाले, "लुटीतलं आहे ते." मग एक दाढीवाला छपरावरून गोळी लागून पडला, आणि पुढच्या मारामारीत तोच दाढीवाला दुसऱ्या छपरावरून पुन्हा पडला.

"जुळे!" ह्या वेळी सगळा बोळ माझ्याबरोबर ओरडला. "जुळे भाऊ!" ह्यांनी रांगेत सांगितलेलं सगळ्यांनाच आठवलं. ओठ एकीकडं, बोलणं दुसरीकडं. एका पिस्तुलातून गोळ्या संपता संपेनात. पण धुळीतून घोडे आले की कुणी श्वास घेईना. चार मार्क म्हणे! अहो, निम्मी चूक, निम्मं सोनं. माणसं असतातच की तशी.

मारव्वा आली. विहिरीपाशी रिकामी घागर घेऊन उभी. काळी ओढणी, उन्हानं रापलेला चेहरा. एक शब्द नाही. नुसतं गौडाकडं बघितलं आणि वळून निघून गेली. मी गोदाक्काचा हात दाबला. "आता किल्लीचं येईल. पिठाचा गोळा."

ते काही आलं नाही. गौडाला पकडलं, उलटं टांगलं, विहिरीत सोडलं. दोर एकेक पेड तुटतोय, टक... टक... आणि एवढ्यात ह्यांनी मान ताठ केली.

"बंद!" हे ओरडले. "बंद! बंद!"

"थांबवा!" मी ओरडले. "ह्यांना बघवत न्हाय!" आरोहीनं घाईघाईनं पिक्चर थांबवला. हे चिडून डावा हात मोरीकडं नाचवायला लागले. सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत मोरीतल्या नळाची वारा सोडल्यासारखी फुस्स ऐकू आली.

"पाणी! पाणी आलं!"

अहो, सोमवारचं पाणी रविवारी! गौडाला विहिरीत लोंबकळत ठेवून अख्खा बोळ पळाला. चुरमुरे सांडले, खुर्च्या पडल्या, चादर एका पोराच्या पायात गुंडाळली गेली. मी पिंप भरलं, हंडे भरले, पातेली भरली. एकनाथराव बादली घेऊन रस्त्यावरून ओरडले, "वहिनी, सोम्याचा कान अजून ड्यूटीवर हाय!" मला इतकं बरं वाटलं! वाचा गेली, पण चावीवाला जागा होता. आत येऊन बघते तर हे खाटेवर ऐटीत बसलेले, बोळाला पाणी सोडल्यासारखे.

तासाभरानं ओलेत्या लुगड्यांनी, भिजलेल्या लेंग्यांनी सगळे पुन्हा येऊन बसले. गौडा विहिरीतून निघाला. शेवटची मारामारी. गौडा चौकात एकटा, सावकार छपरावर त्याच्या पाठीमागं, बंदुकीचा नेम धरून. वारा. रहाट. शीळ. गौडा गर्रकन वळला, ठो! सावकार खाली. गौडानं झाकणाचं कुलूप उडवलं, तांबड्या का पांढऱ्या पायाच्या कुठल्यातरी घोड्यावर बसला आणि एकटाच निघून गेला. नावं वर सरकायला लागली.

मारव्वा पुन्हा आलीच नव्हती.

आधी गोदाक्काच म्हणाली, "व्हय गं, पण त्यो वळला कशाला? पाठीला डोळे हुते काय त्याच्या?"

आणि एकनाथराव मांडी थोपटून हसले. "बघा! म्हणलो नव्हतो? मारव्वा कुटं हाय? घागर घिऊन आली, बघितली नि गेली! किल्ली न्हाय, पीठ न्हाय! सोम्या, लेका, मारव्वा तू रचलीस की बे!"

ह्यांनी मान खाली घातली होती. डावा हात चादरीचा एक धागा ओढत होता, नुसता ओढत होता. मला त्या हाताकडं बघवेना.

किल्ली नाही, भाकरी नाही, काहीच नाही. पिक्चरवाल्यांनी त्या बाईला विहिरीवर उभं केलं आणि सरळ विसरून गेले. घोड्याचं खोगीर बांधायला ते विसरले नाहीत, बाईला विसरले. मग माझी मारव्वा कुठली? तिला कुणी चालवलं इतकी वर्षं? 'ते उद्या सांगतो' म्हणून हा माणूस दुसऱ्या दिवशी, आधी गावात आणि मग चावी खांद्यावर टाकून पेठापेठांतून, हिंडायचा, तो हिंडता हिंडता काय करत होता ते मला त्या क्षणी समजलं. मी विचारलं होतं ना, मुंद? म्हणून. घोड्याची गळती बुजवली, घड्याळाची बुजवली, आणि मारव्वा तर माझ्या फोड आलेल्या हातांतूनच उचलली. आणि मग मला राग आला. असा राग आला, की उठलेच.

"बसा सगळे खाली!" बालवाडीतला आवाज लावला मी. एकनाथरावसुद्धा मांडी घालून बसले. "तो गौडा वळला कशाला, विचारता ना? पिक्चरवाल्यांना ठाऊक न्हाय. मला हाय. मी सांगते."

"मारव्वानं पिठातल्या ठशावरून किल्ली करून घेतली. सगळे दारं लावून बसले, तेव्हा ती एकटी विहिरीवर गेली. कुलूप काढलं. घागर आत सोडली. इतक्या दिवसांनी भरलेली घागर! वर ओढायला लागली आणि बघते तर छपरावर सावकार, गौडाच्या पाठीवर नेम धरून. ओरडावं तर गळ्याला कोरड. तिनं काय केलं?"

"काय केलं?" मागनं कुणीतरी विचारलं.

"हातातला दोर सोडला! भरली घागर खाली, आणि रहाट असा किंचाळला, असा किंचाळला..." मी ह्यांच्यासारखा तोंडानं आवाज काढला, करर्रर्र! एक लहान पोर दचकून रडायलाच लागलं. "म्हणून गौडा वळला! घागर फुटली, पण गौडा वाचला!"

"आँ!" गोदाक्कानं टाळी वाजवली. "आता बसलं बघ नीट!"

"मग गौडा घोड्यावर बसला. मारव्वापाशी आला. वाकला आणि हात पुढं केला."

मी थांबले. कारण पुढचं मला कुठं ठाऊक होतं? इथं येऊनच तर इतकी वर्षं सगळं अडलं होतं. खोलीत सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मोरीतला नळ अजून ठिबकत होता.

खाटेवरून आवाज आला. घोगरा, ओढून आणलेला.

"...उंद."

"बंद म्हणला," एकनाथराव हळू आवाजात म्हणाले. आता ते हसत नव्हते. "दमला असल, वहिनी. राहू द्या आज."

मी ह्यांच्याजवळ गेले. ह्यांनी मान वर केली होती. डाव्या हातानं माझ्या पदराचं टोक धरलं होतं आणि ओठ जुळवत होते, मिटत होते, पुन्हा जुळवत होते. बालवाडीतली पोरं पहिलं अक्षर काढतात तसं. मी माझेच ओठ मिटून दाखवले. म.

"मुंद?" हे म्हणाले.

स्वच्छ म्हणाले. शेवटी प्रश्न होता, तो सगळ्या बोळानं ऐकला. आरोही रडायला लागली. एकनाथरावांनी उपरणं डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "बोल बे सोम्या, शिवी दे मला, दे की." पण ह्यांचं लक्ष दुसरीकडं कुठंच नव्हतं. माझ्याकडं बघत होते. पदर ओढला.

"मुंद?"

माझ्या तोंडाला मिशी नाही, नाहीतर मीही बोट फिरवलं असतं.

"ते उद्या सांगते," मी म्हणाले.

ह्यांनी पदर सोडला आणि उशीला टेकले. माणसं खुर्च्या उचलत, चुरमुरे झाडत आपापल्या घरी गेली. मी आत जाऊन ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. पण डोकं ठिकाणावर कुठलं! उद्यापर्यंत मारव्वाचं काहीतरी करायला हवं होतं.